तडजोडीनंतरची अळीमिळी गुपचिळी: अमेरिकेतल्या ‘एसईसी’च्या तोंडबंद नियमाबद्दल वारंवार विचारले जाणारे प्रश्न

मी कंपन्यांच्या कंप्लायन्सचं काम करतो. अमेरिकेत एखाद्या बड्या माणसाने शेअर बाजाराच्या नियामकाशी तडजोड केल्याची बातमी आली की ओळखीतले लोक ठरलेले प्रश्न विचारतात. पैसे भरले म्हणजे केलंच असणार ना? आणि केलं नसेल तर हा गडी समोर येऊन आपली बाजू का मांडत नाही? दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर बहुतेकांना धक्का देतं, कारण त्याला बोलायला बंदी असते. दर वेळी हे नव्याने समजावण्यापेक्षा एकदाच सगळं लिहून ठेवलं. इथे आलेले निकाल आणि नियम ऑगस्ट २०२५ पर्यंतचे आहेत, आणि हा कायदेशीर सल्ला नाही.

हा नियम नेमका आहे तरी काय?

अमेरिकेचा रोखे व विनिमय आयोग, म्हणजे एसईसी. आपल्याकडे सेबी तशी तिकडे एसईसी. या आयोगाने नोव्हेंबर १९७२ मध्ये एक धोरण नियमपुस्तकात घातलं. त्याचा आशय असा: आरोप नाकारत राहून एखाद्याने दंड किंवा बंदी स्वीकारायची, हे आम्हाला चालणार नाही. तडजोड करायची असेल तर आरोप एकतर मान्य करा, नाहीतर ‘मान्यही करत नाही आणि अमान्यही करत नाही’ असं लिहून द्या. एकदा लिहून दिलं की नंतर जाहीरपणे ‘मी काही केलंच नव्हतं’ असं म्हणता येत नाही.

अमेरिकेत सरकारी खात्याचा नवा नियम यायचा म्हणजे आधी मसुदा, मग लोकांच्या सूचना, मग अंतिम नियम, असा रिवाज आहे. या नियमाच्या वाट्याला त्यातलं काहीच आलं नाही. कार्यालयाच्या अंतर्गत कामकाजाची बाब असल्यासारखा तो आला आणि राहिला. वायदे बाजार सांभाळणाऱ्या सीएफटीसी या दुसऱ्या आयोगाचं धोरणही बरंचसं याच वळणाचं आहे.

मान्यही नाही आणि अमान्यही नाही, हे तळ्यात-मळ्यात कशासाठी?

दोघांच्याही सोयीसाठी. आरोप मान्य केले तर ती कबुली हातात घेऊन गुंतवणूकदार नुकसानभरपाईचे दावे ठोकतात. संचालकांसाठी घेतलेली विमा पॉलिसीही कबुलीनंतर हात वर करू शकते. म्हणून प्रतिवादीला कबुली नको असते. एसईसीला वर्षानुवर्षं चालणारा खटला नको असतो, कारण माणसं आणि पैसा तिच्याकडेही मोजकाच. मग दोघं मिळून ‘नरो वा कुंजरो वा’ म्हणतात आणि सही करतात. फरक इतकाच की धर्मराजाने ते एकदाच म्हटलं. इथे सही करणाऱ्याला ते जन्मभर म्हणावं लागतं.

कोणती वाक्यं बोलता येत नाहीत?

तडजोडीच्या वेळी ज्यावर सही होते त्या संमतीपत्रातली भाषा नियमापेक्षाही घट्ट असते. प्रतिवादी स्वतः असं जाहीर विधान करणार नाही आणि दुसऱ्याला करू देणार नाही की ज्यात तक्रारीतला कोणताही आरोप थेट किंवा आडून नाकारला जाईल, किंवा तक्रारीला आधार नव्हता असा समज होईल. ‘आडून’ आणि ‘समज होईल’ हे शब्द पुन्हा वाचा. ‘एसईसीने माझ्यावर अन्याय केला’ या वाक्यात एकही आरोप नाकारलेला नाही. पण ऐकणाऱ्याचा समज काय होईल?

माझ्या मते सगळ्यात कडक अट पुढे येते. ‘मी आरोप मान्य केलेले नाहीत’ हे शंभर टक्के खरं वाक्यसुद्धा एकटं उच्चारता येत नाही. त्याच्या शेपटीला ‘आणि मी ते नाकारतही नाही’ हे जोडावंच लागतं.

‘दुसऱ्याला करू देणार नाही’ यात तुमचा वकील आला, प्रवक्ता आला, कंपनीचं जनसंपर्क खातंही आलं. मात्र तुमच्याशी संबंध नसलेला एखादा पत्रकार स्वतःच्या अभ्यासावरून ‘आरोप पोकळ होते’ असं खुशाल लिहू शकतो. त्याला कोणी बांधलेलं नाही. पण तो माहिती विचारायला तुमच्याकडे आला तर तुम्ही काय सांगणार, हा प्रश्न उरतोच.

तडजोडीआधी तुम्ही त्याच खटल्यात आरोप नाकारणारे कागद दाखल केले असतील तर तेवढ्यापुरते तेही मागे घेतल्याचं लिहून द्यावं लागतं. पुढे बोलायचं नाही आणि मागे जे बोललात तेही परत घ्यायचं, असा दुहेरी मामला आहे.

अपवाद काहीच नाहीत?

दोन आहेत. कुठे शपथेवर साक्ष द्यावी लागली तर खरं ते सांगायला मोकळीक आहे. आणि ज्या खटल्यात एसईसी पक्षकार नाही तिथे तुम्ही आपली बाजू मांडू शकता, म्हणजे गुंतवणूकदारांनी दावा लावला तर आरोप नाकारून लढता येतं. कोर्टात बोला, चव्हाट्यावर नको, असा याचा सरळ अर्थ. पण माणसाची अब्रू जाते ती चव्हाट्यावरच.

आणि आरोप खरोखर खोटा निघाला तर?

तरीही नाही. विधान खरं की खोटं हे या अटीत विचारलंच जात नाही. बदनामीच्या खटल्यात सत्य हा बचाव असतो, इथे तो कामाचा नाही. वीस वर्षांनी नवा कागद सापडला आणि आरोपातला एक परिच्छेद साफ चुकीचा ठरला, तरी जाहीरपणे तसं म्हणणं हा करारभंगच.

ही बंदी किती वर्षांची?

मुदत नाही. दंड एकदा भरला की संपतो. संचालकपदावरची बंदी अनेकदा ठरावीक वर्षांची असते. जिभेवरची बंदी मात्र आजीव.

नियम मोडला तर तुरुंग?

नाही. एसईसी कोर्टाला विनंती करू शकते की हा निकाल रद्द करा आणि खटला पुन्हा सुरू करा. ऐकायला सौम्य वाटतं. प्रत्यक्षात ज्या खटल्याच्या खर्चाला घाबरून माणसाने सही केली, तोच खटला दहा वर्षांनी दारात उभा राहतो. तोवर साक्षीदार विखुरलेले, काही वारलेले, ईमेल गेलेले. अशी टांगती तलवार खाली पडावी लागत नाही, नुसती वर दिसत राहिली तरी माणूस गप्प बसतो.

एसईसीचं म्हणणं काय आहे? त्यातही तथ्य असेलच ना?

आहे, आणि टीकाकार ते फार घाईने उडवून लावतात. समजा सकाळी कंपनीच्या मालकाने कोर्टात दोन कोटी डॉलर भरायचं मान्य केलं. दुपारी पत्रकार परिषदेत तो म्हणाला, ‘आम्ही निर्दोष आहोत, कटकट नको म्हणून पैसे फेकले.’ ज्यांचे पैसे बुडाले त्यांना काय वाटेल? घडलंच नाही अशा गोष्टीबद्दल सरकार लोकांना दंड करतं, असं चित्र उभं राहील. १९७२ च्या नियमात हेच कारण दिलेलं आहे: जे घडलं नाही त्याबद्दल शिक्षा दिली जाते, असा समज निर्माण होऊ द्यायचा नाही.

दुसरं म्हणजे तडजोड हा सौदा असतो. प्रतिवादी ज्युरीपुढच्या सुनावणीचा हक्क सोडतो, अपिलाचा सोडतो. मग बोलण्याचा एक तुकडा सोडला तर बिघडलं कुठे?

मला यातला पहिला मुद्दा पटतो, त्यावरचा इलाज पटत नाही. कोणी खोटी फुशारकी मारली तर एसईसीने आपल्याकडचे पुरावे लोकांपुढे मांडावेत. तिच्याकडे संकेतस्थळ आहे, प्रसिद्धीपत्रकं आहेत. तक्रारीतला शब्दन्‌शब्द तडजोडीनंतरही तिथे वर्षानुवर्षं वाचायला मिळतो. एका बाजूला कायमचा भोंगा आणि दुसऱ्या बाजूला तोंडावर पट्टी असेल, तर त्याला सौदा म्हणायला जीभ रेटत नाही.

इतकं जाचक असेल तर लोक सही करतातच का?

लढणं परवडत नाही म्हणून. उद्योजक मार्क क्यूबन यांच्यावर एसईसीने नोव्हेंबर २००८ मध्ये इनसायडर ट्रेडिंगचा, म्हणजे आतल्या गुप्त माहितीवर शेअरव्यवहार केल्याचा, दावा लावला. त्यांनी तडजोड नाकारली. ऑक्टोबर २०१३ मध्ये डॅलसच्या ज्युरीने त्यांच्या बाजूने निकाल दिला. जवळपास पाच वर्षं गेली. क्यूबन अब्जाधीश असल्यामुळे त्यांना ते झेपलं, आणि त्यानंतर एसईसीबद्दल हवं ते, हव्या त्या आवाजात बोलण्याचा हक्कही त्यांच्याकडे राहिला. मध्यम कंपनीच्या हिशेबनिसाला हे जमणार आहे का? त्याचं घर गहाण असतं, नोकरी गेलेली असते, वकिलाचं मीटर पळत असतं. तो सही करतो, आणि नंतर ‘सही तुझ्या मर्जीने केलीस ना?’ हा प्रश्न त्यालाच विचारला जातो.

अमेरिकेत तर भाषणस्वातंत्र्याचं केवढं कौतुक. मग कोर्टात हे टिकलं कसं?

इथे जरा थांबून बोलावं लागेल, कारण बहुतेक प्रकरणांत कोर्टांनी मूळ प्रश्नाला हात न लावता दाराशीच अर्जदाराला थोपवलं. अमेरिकी घटनेच्या पहिल्या दुरुस्तीनुसार सरकारने आधीच घातलेली भाषणबंदी ही जवळजवळ निषिद्ध गोष्ट मानली जाते. पण तुम्ही स्वतःच लिहून दिलं असेल तर? सगळा वाद या ‘तर’वर अडला.

पहिलं प्रकरण केटो इन्स्टिट्यूट या विचारसंस्थेचं. एसईसीशी तडजोड केलेल्या एका माजी व्यावसायिकाचं पुस्तक या संस्थेला छापायचं होतं. लेखकाचं तोंड बांधलेलं, म्हणून प्रकाशकच कोर्टात गेला. जुलै २०२१ मध्ये वॉशिंग्टनच्या अपील कोर्टाने सांगितलं की तुमची अडचण त्या माणसाच्या खटल्यातल्या हुकूमनाम्यामुळे आहे. तो दुसऱ्या कोर्टाचा आहे, तेव्हा तुम्हाला इथे दाद मागता येणार नाही. ऐकणाऱ्याला हक्क असतो असं आपण म्हणतो खरं, पण तो बजावायला तो उंबरठ्यापर्यंतही पोचला नाही.

दुसरे बॅरी रोमेरिल, झेरॉक्स कंपनीचे माजी अर्थप्रमुख. २००३ मध्ये त्यांनी पन्नास लाख डॉलरहून अधिक रक्कम भरून तडजोड केली. सोळा वर्षांनी, २०१९ मध्ये, ते कोर्टात म्हणाले की मला त्या प्रकरणाबद्दल खरं ते बोलायचं आहे, तेवढी अट रद्द करा. सप्टेंबर २०२१ मध्ये न्यूयॉर्कच्या दुसऱ्या सर्किटने (सर्किट म्हणजे तिकडचं विभागवार अपील कोर्ट) नकार दिला. जुना निकाल मुळातच शून्य ठरवायला अधिकारक्षेत्राचा किंवा नोटीस-सुनावणीचा मूलभूत दोष लागतो, तो इथे नाही, आणि पक्षकार आपले हक्क सोडू शकतातच, असं कारण दिलं. जून २०२२ मध्ये सर्वोच्च न्यायालयानेही प्रकरण ऐकायला नकार दिला.

तिसरं टेक्सासमधलं नोव्हिंजर प्रकरण. तिथेही तडजोड केलेल्या माणसाने हीच अट उठवायला अर्ज केला होता. जुलै २०२२ मध्ये पाचव्या सर्किटने अर्ज फेटाळला. पण न्यायाधीश एडिथ जोन्स यांनी वेगळं टिपण जोडलं आणि त्यात एसईसीला चांगलंच फटकारलं. आम्ही अर्ज फेटाळला याचा अर्थ हे धोरण आम्हाला मान्य आहे असा कोणी घेऊ नये, असं त्यांनी स्पष्ट केलं. या धोरणाखाली माणसापुढे दोनच वाटा उरतात, खरंसुद्धा कधीच न बोलण्याची किंवा खटला लढत दिवाळं काढण्याची, हा त्यांच्या टिपणाचा रोख.

चौथा मार्ग नियमच बदलून घेण्याचा. न्यू सिव्हिल लिबर्टीज अलायन्स या संस्थेने ऑक्टोबर २०१८ मध्ये एसईसीकडे तसा अर्ज केला. उत्तर आलं जानेवारी २०२४ मध्ये, तेही नकाराचं. आपल्याकडच्या सरकारी कार्यालयांना नावं ठेवणाऱ्यांनी हा काळ मोजून पाहावा. त्या नकाराविरुद्ध पॉवेल प्रकरण उभं राहिलं. ऑगस्ट २०२५ मध्ये नवव्या सर्किटने पहिल्यांदा मूळ मुद्द्याला हात घातला. नियम सरसकट घटनाबाह्य नाही, स्वेच्छेने हक्क सोडता येतो आणि भंग झाल्यावर एसईसी फक्त खटला पुन्हा उघडायची विनंती करू शकते, म्हणून तो टिकतो, असं म्हटलं. पण दारही किलकिलं ठेवलं: एखाद्या विशिष्ट माणसावर हा नियम कसा लावला, यावर पुढे वेगळं आव्हान देता येईल.

म्हणजे न्यायाधीशांनाही हे पटत नाही?

अनेकांना नाही. मॅनहॅटनचे जेड राकॉफ यांनी २०११ मध्ये व्हिटेस कंपनीची तडजोड मंजूर केली, पण करता करता या पद्धतीला गोंधळ आणि दांभिकपणा एकत्र शिजवलेली खिचडी ठरवलं. शब्द त्यांचे इंग्रजीतले, खिचडी माझी. त्याच वर्षी सिटीग्रुपची २८.५ कोटी डॉलरची तडजोड त्यांनी नाकारली, कारण खरं काय घडलं हेच समोर आलं नाही तर तडजोड योग्य की अयोग्य हे ठरवायचं कसं? २०१४ मध्ये वरच्या कोर्टाने त्यांचा निर्णय फिरवला. २०२२ मध्ये राकॉफ यांच्याच कोर्टातल्या न्यायाधीश रॉनी अब्राम्स यांनीही एक तडजोड मंजूर करताना या अटीवर गंभीर शंका नोंदवल्या.

खुद्द एसईसीच्या आतूनही विरोध आहे. आयुक्त हेस्टर पीअर्स यांनी जानेवारी २०२४ च्या नकाराला जाहीर असहमती नोंदवली.

इलॉन मस्कच्या ट्वीटचं प्रकरण हेच ना?

सख्खं नाही, चुलत म्हणा. ऑगस्ट २०१८ मध्ये मस्क यांनी ट्वीट केलं की टेस्ला शेअरमागे ४२० डॉलर देऊन खाजगी करण्याचा, म्हणजे शेअर बाजारातून काढून घेण्याचा, विचार आहे आणि पैशाची सोय झाली आहे. एसईसीने दावा लावला. सप्टेंबरअखेर तडजोड झाली. मस्क यांनी दोन कोटी, टेस्लाने दोन कोटी डॉलर भरायचे, मस्क यांनी अध्यक्षपद सोडायचं, आणि कंपनीबद्दलची काही प्रकारची ट्वीटं आधी वकिलाकडून तपासून घ्यायची.

मस्क यांच्या संमतीपत्रातही ‘नाकारणार नाही’ हे कलम होतंच. पण गाजला तो ट्वीट तपासण्याचा भाग, आणि त्यालाच त्यांनी आव्हान दिलं. मे २०२३ मध्ये दुसऱ्या सर्किटने फेटाळलं: मोकळेपणी ट्वीट करायचं होतं तर तेव्हा खटला लढायचा होता. एप्रिल २०२४ मध्ये सर्वोच्च न्यायालयानेही हात लावला नाही. मस्क यांच्या बाबतीत ‘खटला लढायचा होता’ हे उत्तर मला मान्य आहे. त्यांना वकील परवडतात. पण त्यांच्यासाठी घडवलेलं माप पुढे प्रत्येक छोट्या माणसाला लावलं जातं. मोठ्या नावांच्या खटल्यांची ही एक खोड.

सरकारने पैसे देऊन तोंड बंद केल्याची अट कुठे रद्द झाली आहे का?

झाली आहे. बाल्टिमोर शहरात पोलिसांच्या मारहाणीबद्दल एका महिलेला ६३,००० डॉलर भरपाई ठरली. अट होती, प्रकरणाबद्दल बोलायचं नाही. वर्तमानपत्राच्या बातमीखाली लोक तिलाच दोष द्यायला लागले, तिने उत्तरं दिली, आणि शहराने निम्मी रक्कम, ३१,५०० डॉलर, कापून घेतली. २०१९ मध्ये चौथ्या सर्किटने ही अट अंमलात आणता येणार नाही असा निकाल दिला. नागरिकाने सरकारबद्दल बोलण्यातलं लोकहित शहराच्या सोयीपेक्षा जड ठरलं. तिथे गप्प बसवलेली व्यक्ती पीडित होती, एसईसीच्या प्रकरणात ती आरोपी असते, म्हणून सहानुभूती आटते. पण दोन्हीकडे गप्प बसवणारं सरकारच आहे.

एसईसी इतरांना असं तोंड बंद करू देते?

मुळीच नाही, आणि गंमत इथेच आहे. एसईसीचाच एक नियम सांगतो की गैरप्रकार कळवण्यासाठी आमच्याकडे येणाऱ्याला कोणत्याही कराराने अडवायचं नाही. २०१५ मध्ये केबीआर कंपनीला गोपनीयतेच्या एका कागदापायी १,३०,००० डॉलर दंड झाला. जानेवारी २०२४ मध्ये जेपी मॉर्गनच्या दलाली शाखेने, ग्राहकांकडून तडजोडीत गोपनीयतेच्या सह्या घेतल्याबद्दल, १ कोटी ८० लाख डॉलर भरले. त्याच महिन्यात एसईसीने स्वतःच्या तोंडबंद नियमाला हात लावायला नकार दिला! लोका सांगे ब्रह्मज्ञान.

अर्थात त्या नियमाचा हेतू एसईसीपर्यंत माहिती पोचावी एवढाच आहे, जगभर बोलता यावं असा नाही. तरीही दोन्ही बातम्या एकाच महिन्यात वाचताना मला हसू आवरलं नव्हतं.

मग सरळ कबुलीच का घेत नाहीत?

कधी कधी घेतात. २०१३ मध्ये अध्यक्ष मेरी जो व्हाइट यांनी निवडक प्रकरणांत कबुली मागायचं जाहीर केलं, आणि त्याच वर्षी जेपी मॉर्गनने लंडनमधल्या ट्रेडिंग घोटाळ्यात कबुलीसह एसईसीला २० कोटी डॉलर दिले. पण हा अपवादच राहिला.

याचा भारताशी संबंध येतो का?

अमेरिकेत शेअर नोंदवलेली कंपनी असेल तर येतो. सत्यम या आयटी कंपनीचं उदाहरण तर चमत्कारिकच आहे. जानेवारी २००९ मध्ये अध्यक्ष रामलिंग राजू यांनी पत्र लिहून ताळेबंद खोटे असल्याचं कबूल केलं, साऱ्या जगाने ते वाचलं. तरी एप्रिल २०११ मध्ये कंपनीने एसईसीला एक कोटी डॉलर भरताना आरोप ‘मान्य किंवा अमान्य न करता’ सही केली.

पुणेकरांना जवळचं वाटेल ते कॉग्निझंट या आयटी कंपनीचं. चेन्नईतल्या संकुलाच्या परवान्यासाठी, शिवाय पुण्यातल्या प्रकल्पाच्या परवानगीसाठीही लाच दिली गेली, असं एसईसीचं म्हणणं होतं. फेब्रुवारी २०१९ मध्ये कंपनीने अडीच कोटी डॉलर देऊन तडजोड केली, भाषा तीच. आता पुण्यातल्या वाचकाच्या बाजूने पाहा. आपल्या शहरात लाच कोणी मागितली, कोणी दिली, कशी दिली, हे विचारायला गेलं तर हाती एसईसीचा एकतर्फी आदेश येतो, आणि कंपनी त्यातलं चूक काय ते सांगू शकत नाही. तोंड कंपनीचं बंद होतं, पण ऐकायला न मिळण्याचा तोटा आपला असतो. या नियमाविरुद्धचा माझा खरा आक्षेप इथे आहे.

सेबीचं काय?

सेबीने २००७ मध्ये परिपत्रक काढून संमती आदेशांची वाट उघडली. नंतर सेबी कायद्यात कलम १५जेबी आलं आणि आता २०१८ चे तडजोड विनियम लागू आहेत. बांद्रा-कुर्ला संकुलातून निघणाऱ्या या आदेशांतही ‘मान्य किंवा अमान्य न करता’ ही शब्दरचना ओळखीची आहे. ऑक्टोबर २०२४ मध्ये राष्ट्रीय शेअर बाजाराने ट्रेडिंग प्रणालीच्या एका प्रकरणात ६४३ कोटी रुपयांवर तडजोड केली, ती याच मार्गाने.

सेबीने उद्या असा आजीव तोंडबंद नियम आणला तर तो टिकेल?

माझा अंदाज, टिकवणं अमेरिकेपेक्षा कठीण जाईल. एक कारण घटनेच्या मजकुरातच आहे. अनुच्छेद १९(२) मध्ये भाषणावर निर्बंध घालण्याची कारणं मोजून दिलेली आहेत: सार्वभौमत्व, सुरक्षा, सार्वजनिक सुव्यवस्था, न्यायालयाचा अवमान, बदनामी वगैरे. ‘नियामकाची पत राखणे’ त्या यादीत नाही.

दुसरं कारण जास्त रंजक आहे. अमेरिकेत ‘तू स्वतः हक्क सोडलास’ हा हुकमी एक्का आहे. आपल्याकडे तो तसा चालत नाही. १९५८ चा बशेशर नाथ निकाल तर तडजोडीवरचाच आहे. करदात्याने प्राप्तिकर चौकशी आयोगाशी तडजोड केली होती. पुढे तो म्हणाला की ज्या कायद्याखाली ती झाली तोच समानतेच्या विरुद्ध आहे. सरकार म्हणालं, तुम्ही सही केलीत, हक्क सोडलात. सर्वोच्च न्यायालयाने ते मानलं नाही. समानतेचा हक्क हा नुसता व्यक्तीचा लाभ नाही, राज्याला घातलेली आज्ञा आहे, तो सोडून देता येत नाही.

मग मुंबईच्या फुटपाथवरचं ऑल्गा टेलिस प्रकरण. झोपड्या तोडण्यावरून वाद होता, आणि उच्च न्यायालयात फुटपाथवासीयांच्या वतीने सांगितलं गेलं होतं की फुटपाथवर झोपडी बांधायचा मूलभूत हक्क आम्ही सांगत नाही, आणि १५ ऑक्टोबर १९८१ नंतर तोडायला आलात तर अडवणार नाही. महापालिकेने तोच कागद सर्वोच्च न्यायालयात पुढे केला. १९८५ मध्ये सरन्यायाधीश यशवंतराव चंद्रचूड यांच्या पाच जणांच्या पीठाने सांगितलं की ‘आधी तसं म्हटलंत, म्हणून आता हक्क मागता येणार नाही’ असा प्रतिबंध घटनेविरुद्ध उभा राहत नाही. गरजेपोटी दिलेल्या कबुलीने हक्क संपत नाही. शेवटी झोपड्या हटवायचा महापालिकेचा अधिकार टिकला, हेही सांगायला हवं, नाहीतर अर्धवट गोष्ट होईल. पण हक्कावर पाणी सोडता येतं का, या प्रश्नाला मुंबईच्या फुटपाथवरून आलेलं उत्तर मॅनहॅटनच्या कोर्टातल्या उत्तरापेक्षा मला सरस वाटतं.

‘अमुकने सेटलमेंट केली’ अशी बातमी आली तर वाचायची कशी?

तीन गोष्टी शोधा: कबुली आहे का, कोर्टाने पुरावा तपासला का, आणि पैसे कोण भरतंय, माणूस की कंपनी. बहुतेक वेळा पहिल्या दोन्हींचं उत्तर ‘नाही’ येईल. मग ‘घोटाळा सिद्ध’ हा मथळा जितका चुकीचा, तितकाच ‘क्लीन चिट’ हाही. आणि कंपनीचा प्रवक्ता ‘बोलायचं नाही’ म्हणाला तर त्याला लगेच चोर ठरवू नका. बोलण्याची सोय त्याने विकलेली असू शकते.

अमेरिकेतल्या नातेवाइकाला एसईसीचं पत्र आलंय. तो तडजोड करणार म्हणतो. काय सांगू?

चांगला वकील गाठायला सांगा, आधी तेच. मग वकिलाला विचारायला लावा: आरोपपत्रातली कोणती वाक्यं तडजोडीआधी घासाघीस करून गाळता किंवा सौम्य करता येतील? सही झाल्यावर त्या कागदातलं प्रत्येक वाक्य जन्मभर अंगाला चिकटतं, आणि ते खोडता येत नाही. दंडाच्या रकमेवर लोक महिनोन्‌महिने भांडतात, मजकुरावर दोन दिवसही नाही. नव्या नोकरीच्या मुलाखतीत ‘तेव्हा काय झालं होतं?’ असं विचारलं तर नेमकं काय बोलायचं, ते वाक्य वकिलाकडून आधीच लिहून घ्या. घरच्यांनी फेसबुकवर त्याच्या वतीने बाजू मांडायला धावू नये, हेही त्याच दिवशी सांगून टाका. विशेषतः मामांना.